दुसरी दांडी

"सायकल कुठाय?"

शकूआत्यानं दारातूनच विचारलं. चपला काढल्या नाहीत. अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन चौदा दिवस झाले होते. जयसिंगपूरहून मिरजेला यायला एसटीनं अर्धा तास लागतो, पण सख्ख्या भावाच्या दहाव्याला, बाराव्याला, तेराव्याला ती फिरकली नव्हती. आणि आता आली ती ही अशी.

"आधी आत तर ये," मी म्हणाले. "पाणी देते."

"पाणी प्यायला नाही आले. अच्युतची सायकल म्हणतात ती कुठाय?"

"मागच्या पडवीत. का?"

"ती माझी आहे. न्यायला आलेय."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. पुण्यात एका ग्रंथालयात नोकरी करत होते. आई आधीच गेलेली, भावंड नाही, त्यामुळे घर आवरायचं काम माझ्या एकटीवर होतं. भांडी, गाद्या, कपाट, अण्णांचे स्वेटर सगळं वाटून टाकायचं ठरवलं होतं. ठेवायची होती ती एकच वस्तू.

"आत्या, अण्णांनी ती पहिल्या पगारात घेतली. सत्तावन्न साली, रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून लागले तेव्हा. तुझं लग्न पंचावन्न सालचं. तुझी कशी असेल?"

"असं सांगितलं होय त्यानं." ती हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. "पहिल्या पगारात. नवी कोरी?"

"हो."

"पुस्तकं सांभाळतेस ना तू? जुनं काय, नवं काय, कळत असेल तुला. मग शोध. रविवारी येते. माझी नाही असा पुरावा दे, आल्या पावली परत जाईन. नाही मिळाला तर मुकाट्यानं सायकल बाहेर काढायची."

"आणि तुझी आहे याचा पुरावा?"

"मी सांगतेय हा!" ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली. फाटकापाशी थांबून म्हणाली, "तो होता तोवर मागितली नाही. माझं मी ठरवलं होतं तसं. आता तो नाही. आता मागते."

मी फाटक लावून घेतलं. म्हातारपणी माणसं वस्तूंना धरून बसतात हे मी वाचलं होतं, पण भावाच्या अस्थी विसर्जित होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर कुणी दारात उभं राहील असं वाटलं नव्हतं.

सायकल पडवीत खांबाला टेकून उभी होती. विलायती, काळी, दोन दांड्यांची. एक दांडी वर, आडवी. दुसरी तिच्या खाली, तिरकी. "डबल बार आहे," अण्णा सांगायचे, "मजबुतीला." वरच्या दांडीवर टॉवेलाची घडी टाकून ते मला बसवायचे आणि स्टेशनच्या रस्त्यानं शाळेत सोडायचे. पहिलीपासून चौथीपर्यंत माझी जागा ती. सगळ्या सायकलवर बारीक सोनेरी रेघा होत्या, काडीएवढ्या. फक्त वरच्या दांडीवर नव्हत्या. मी एकदा विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझ्या बसण्यानं पुसल्या गं. रोज घासतेस ना." मला त्याचा फार अभिमान वाटला होता. मागच्या मडगार्डच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची ओळ होती. ती पावसाचं पाणी जायला आहेत, असं ते म्हणायचे. खंडेनवमीला सायकलची पूजा व्हायची, तेव्हा मी त्या प्रत्येक भोकात झेंडूचं एकेक फूल खोचायची.

दर रविवारी अण्णा तिला खोबरेल लावून पुसायचे. गावातला कुठलाही मिस्त्री चालायचा त्यांना, एक सोडून. "बाबालालकडे नको," म्हणायचे. का ते कधी सांगितलं नाही. जुन्या विलायती सायकली कळणारा मिरजेत बाबालालच होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन बाबालालकडेच गेले.

साठीचा, काटक माणूस. तो एका ट्यूबला पॅच लावत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, सायकलकडे पाहिलं.

"ही हितं न्हाई आणायची."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. स्टेशन रोडला चार दुकानं हायत. रंग मारून चकचकीत करून देतील. तिकडं जावा."

"मला रंग मारायचाच नाही. आहे तो मूळचा रंग राखायचाय. घासायचं नाही, पॉलिशचा कागद लावायचा नाही. फक्त वरची घाण हलक्या हातानं काढायची."

"कुणी सांगितलं हे?"

"वाचलंय मी."

"वाचलंय!" तो समोरच्या भिंतीला म्हणाला. "वाचून आल्यात!"

"आणि सायकल कुठल्या सालची आहे ते शोधायचंय. माझी आत्या म्हणते तिची आहे. रविवारी न्यायला येणार आहे. ती खोटं बोलते हे मला तिला दाखवायचंय."

त्याचा हात थांबला. "कोण आत्या?"

"शकुंतला. जयसिंगपूरला असते."

बाबालालनं ट्यूब खाली ठेवली. बराच वेळ तो हाताला लागलेलं सोल्यूशन बोटांनी सोलत राहिला.

"रविवारी तिला हितं बोलवायचं," तो म्हणाला. "घरी न्हाई, हितं. कबूल असंल तर ठेवा. पण मी हात लावनार न्हाई हिला. पुसायचं ते तुमी पुसायचं. मी नुसतं बगनार."

मला त्याचा राग आला होता, पण साल शोधून देणारा दुसरा कुणी नव्हता. मी जयसिंगपूरला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला.

चार दिवस मी त्या दुकानात स्टुलावर बसून होते. रॉकेलात बुडवलेला कापूस, मग अण्णांच्या जुन्या धोतराचा फडका. रेघेला आडवं पुसायचं नाही, रेघेच्या दिशेनं जायचं. बाबालाल समोर बसून दुसऱ्यांची पंक्चरं काढायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट करून दाखवायचा.

"बगा, बाळाला न्हाऊ घालाया लागल्यात."

"तुम्हाला त्रास होतोय का?"

"मला कशाचा तरास? लोणी पन लावा म्हंतो मी."

पण हळूहळू सायकल दिसायला लागली. काळा रंग काचेसारखा होता, आत कुठेतरी हिरवी झाक असलेला. पुढच्या नळीवर कारखान्याचं चिन्ह निघालं, अर्धं उडालेलं. मी ते तसंच ठेवलं. जिथं रंगाचा टवका जाऊन लोखंड उघडं पडलं होतं तिथं नुसतं तेलाचं बोट फिरवलं.

तिसऱ्या दिवशी मागच्या चाकाचं हब, आऱ्या जिथून निघतात तो मधला भाग, भिजवून भिजवून स्वच्छ झालं. त्यावर आकडे उमटवलेले होते. ५३. आणि बाजूला ८.

"हे काय?"

बाबालाल उठून आला, वाकला, पण हात मागे बांधूनच. "कारखान्यात मारत्यात. त्रेपन्न साल. आठवा महिना."

"हब नंतर कुणीतरी बदललं असेल. जुन्या सायकलचं घातलं असेल."

"आऱ्या बगा. एकसारख्या, एका हातानं वळलेल्या. हे चाक जन्मात कुनी उसवलेलं न्हाई. वाचनात आलं न्हाई वाटतं हे."

मी पुढच्या चाकाकडे वळले. दिव्याच्या पट्टीमागे एक पितळी बिल्ला खिळ्यानं ठोकलेला होता, मळानं काळा झालेला. नगरपालिका तेव्हा सायकलवर कर घ्यायची आणि दर वर्षी वेगळ्या आकाराचा बिल्ला द्यायची. अण्णांचे सगळे बिल्ले एका तारेत ओवलेले घरी होते, सत्तावन्नपासूनचे. हा त्या तारेतला नव्हता. मी फडक्यानं पुसला. १९५३-५४.

घरी आले. अंगणात कुणी नव्हतं तरी मी फाटक जोरात आपटलं. मग बसून विचार केला. अण्णांनी जुनी घेतली असेल आणि मला नवी म्हणून सांगितलं असेल. एवढं खोटं कुठल्याही बापाला माफ असतं. त्रेपन्न साल म्हणजे ती आत्याची असं थोडंच होतं? मिरजेत तेव्हा काय एकच सायकल होती?

शनिवारी सगळं झालं होतं. फक्त वरची दांडी उरली होती. ती मी मुद्दामच शेवटी ठेवली होती. माझी जागा.

कापूस फिरवला. काळा झाला. मळ असेल म्हणून दुसरा बोळा घेतला. तोही काळा. तिसरा घेतला. आधीचे तीन दिवस कापसावर तेल आलं होतं, धूळ आली होती, गंज आला होता. रंग कधीच आला नव्हता. आता रंग येत होता. माझ्या बोटाखाली करडं लोखंड उघडं पडलं.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. दांडी जिथं पुढच्या नळीला मिळते त्या टोकाला कापूस दाबला, आणि काळ्याखालून पिवळं दिसलं. पितळ. कुणीतरी पितळ वितळवून तिथं जोड दिला होता. दुसऱ्या टोकालाही तसंच. खालच्या तिरक्या दांडीला असं काही नव्हतं. तिच्यावर रेघा होत्या, शेवटपर्यंत.

दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

"ही डबल बार नाहीये," मी म्हणाले.

बाबालालनं हातातलं चाक खाली ठेवलं.

"मडगार्डला भोकं कशासाठी असतात?"

"जाळी बांदाया. साडीचा घोळ चाकात जाऊ ने म्हनून."

"म्हणजे लेडीज."

"लेडीज."

"वरची दांडी कुणी जोडली?"

तो उठला. त्यानं नळाखाली हात धुतले, पुसले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा सायकलला हात लावला. पुढच्या जोडावर अंगठा ठेवला.

"हे माजं काम," तो म्हणाला. "अठरा वर्साचा हुतो. जोड बरा बसत न्हवता तवा. बगा की, पितळ किती सांडलंय."

"अण्णांनी सांगितलं?"

"दुपारी घिऊन आला. म्हनला, पोरं बायल्या म्हनत्यात, दांडी टाकून दे. मला काय, काम आलं, केलं. संध्याकाळी ब्रशनं रंग मारून दिला. दुसऱ्या दिवशी शकूताई आली. सायकल हातात धरून, चालत. सांगलीला ट्रेनिंग कॉलेजला जायाची ती रोज. सहा मैल जायाचं, सहा मैल यायचं. साडीत बसून. आख्खी मिरज बगायची. मला म्हनली, बाबालाल, ही कापून दे. आत्ता. माजी परीक्षा हाय."

"मग?"

"मी म्हनलं, तुज्या वडलांना इचारून ये."

"आली?"

"न्हाई." त्यानं अंगठा काढला. "कापाया धा मिंटं लागली असती बगा."

त्या रात्री मी जेवले नाही, एवढंच सांगते.

रविवारी सकाळी नऊच्या गाडीनं आत्या आली. दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. बाबालालनं स्टूल पुसून पुढं केलं. ती बसली नाही.

"अजून आहे होय हा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग सायकलकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. वरच्या दांडीवरच्या करड्या पट्ट्यावर तिची नजर थांबली.

"मिळाला पुरावा?"

"हबवर त्रेपन्न साल आहे," मी म्हणाले. "बिल्ला त्रेपन्न-चौपन्नचा. आणि दांडी..."

"म्हणजे लोखंडानं सांगितलं तेव्हा पटलं तुला. माझ्या तोंडून पटत नव्हतं."

"तू नुसतं म्हणालीस माझी आहे म्हणून. हे काही सांगितलं नाहीस."

"काय सांगायला हवं होतं? मॅट्रिकला पहिली आले म्हणून वडिलांनी मुंबईहून मागवली होती, हे? की दांडी बघून ते म्हणाले, आता झालंच आहे तर राहू दे, अच्युतला होईल, हे? तुझ्यापुढे रडून दाखवायला हवं होतं?"

"अण्णा सोळा वर्षांचे होते, आत्या."

"मी अठरा वर्षांची होते."

रस्त्यानं एक टांगा गेला.

"एसटीनं जाता आलं असतं की," मी म्हणाले. म्हणताना मलाच ते कसं वाटलं ते मी सांगू शकत नाही. पण मला अण्णांसाठी काहीतरी म्हणायचं होतं.

"शहाणीच आहेस. एसटीनं पाठवायचे असते तर वडिलांनी सायकल कशाला घेतली असती? सकाळी घरातलं उरकून सातच्या ठोक्याला सांगलीत पोचायला तेव्हा गाडी नव्हती. एक महिना चालत गेले. सहा मैल. मग तापानं पडले, मग परीक्षा गेली, मग लग्न ठरलं." ती हे वाण्याची यादी वाचावी तसं म्हणाली. "त्याला दर भाऊबीजेला ओवाळलं मी. दर वर्षी साडी घालायचा ताटात. बेचाळीस साड्या. एकदा तरी ताटात सायकलची घंटी ठेव म्हटलं असतं, पण म्हटलं नाही. मी म्हणायचं नव्हतं ते."

"शकूताई," बाबालाल म्हणाला. "कापतो मी. आत्ता कापतो." आणि तो गॅसच्या नळकांड्याकडे वळला.

"गॅसनं नको," मी एकदम म्हणाले. "रंग जळेल."

आत्या माझ्याकडे वळली. "रंग!" ती म्हणाली. "हिला रंगाची पडलीय!"

"गॅसची आच लागली तर पुढच्या नळीवरच्या रेघा जातील. चिन्ह जाईल. पंचेचाळीस वर्षं टिकलंय ते. तुझ्या सायकलचं."

मी 'तुझ्या' म्हणाले ते तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती फक्त म्हणाली, "मग कशानं?"

बाबालालनं लोखंड कापायची करवत काढली. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मूठ माझ्याकडे केली.

मी कधी लोखंड कापलं नव्हतं. पहिले दहा-वीस हात पातं नुसतं घसरत होतं. बाबालालनं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं. मग पात्यानं खाच धरली आणि बारीक चुरा खाली पडायला लागला, अण्णांच्या धोतराच्या फडक्यावर. आत्या डोक्याशी उभी होती.

"अजून जवळून. मुळातून काप."

"जवळून कापलं तर नळी खरवडेल. मूळ रंग आहे तिथं."

"मग बोटभर राहणार ते."

"राहील."

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू दे."

एक टोक सुटायला बराच वेळ लागला. हाताला फोड आले. दुसरं टोक कापताना दांडी माझ्या डाव्या हाताच्या पंज्यात होती, बरोबर मधोमध, टॉवेलाची घडी असायची तिथं. शेवटचा धागा तुटला तेव्हा तिचं सगळं वजन हातात आलं. फारसं नव्हतं.

सायकल उघडी दिसत होती. खालची तिरकी दांडी आता एकटी होती, आणि एकदम कुणालाही कळलं असतं की ती कुणासाठी केली होती.

आत्यानं पदर खोचला. एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्यानं निऱ्या किंचित उचलल्या आणि उजवा पाय त्या मोकळ्या जागेतून पलीकडे टाकला. सहज, उंबरा ओलांडावा तसा. बाबालाल पटकन सीट धरायला पुढं झाला.

"हात काढ."

त्यानं हात काढला.

ती तशीच उभी राहिली, दोन्ही पाय जमिनीवर, हात हँडलवर, समोर रस्त्याकडे बघत. पायडलवर पाय ठेवला नाही. मग पाय काढून घेतला आणि स्टँड पायानं वर केला.

"येते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली माहीत नाही.

"आत्या, अण्णांच्या वर्षश्राद्धाला..."

"मला बोलावू नकोस."

चार पावलं जाऊन ती थांबली. वळली. माझ्या हातातल्या दांडीकडे हनुवटीनं खूण केली.

"ती ठेव तू. ती त्याची आहे."

आणि सायकल हातात धरून ती एसटी स्टँडच्या दिशेनं चालत गेली, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी या दुकानातून गेली असेल तशीच.

तिनं ती सायकल कधी चालवली की नाही मला माहीत नाही. तिनं बोलावलं नाही आणि मी गेले नाही. सहा वर्षांनी ती गेल्याचं पत्र आलं, तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

दांडी मी पुण्याला आणली. वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीच्या फळीवर ठेवली होती, तर कंडक्टर दोनदा विचारून गेला काय आहे म्हणून. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी रॉकेल आणलं. खिडकीपाशी उजेडात बसले आणि एका टोकापासून सुरुवात केली. हलक्या हातानं, घाई न करता, जिथं रेघ असायला हवी होती त्या दिशेनं. एकेक बोळा काळा होऊन परडीत पडत गेला. मधल्या भागावर, टॉवेलाच्या जागी, मी जास्तच वेळ घेतला.

दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा सगळी दांडी करडी झाली होती. रेघ कुठंच नव्हती.